किंमत किती धरू?

जानेवारीत आंबिया बहारासाठी संत्र्याचा ताण तोडावा लागतो. रात्रीची लाइन येणार म्हणून विहिरीवर गेलो, तर मोटारीची केबल स्टार्टरपासून कापून नेलेली. तांब्यासाठी. झाडं पाण्याला आलेली आणि मोटार बंद.

सकाळी ठाण्यात जमादारांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग पेन थांबवून विचारलं, "केबल जुनीच न भाऊ? तीन हजार धरू?" मी म्हटलं, "साहेब, मोटार चालवायला नवीच टाकावी लागते, मग जुनीची किंमत कशाला?" ते म्हणाले, "मंग अर्ज देऊन जा. चौकशीवर ठेवतो."

त्या तीन हजारांत काय दडलंय, हे अकोल्यात वकिली करणाऱ्या मावसभावानं फोनवर सांगितलं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या कायद्यात पाच हजारांखालची, पहिल्यांदाच चोरी करणाऱ्याची चोरी अदखलपात्र ठरते. म्हणजे एनसी. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तिचा तपासच करता येत नाही. किंमत त्याच्या वर गेली की गुन्हा दखलपात्र, आणि दखलपात्र गुन्हा नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं ललिता कुमारी प्रकरणात 2013 मध्येच सांगितलंय. आधी चौकशी करायची असेल, तर उपअधीक्षकांची परवानगी हवी आणि ती चौदा दिवसांत संपली पाहिजे. नुसता अर्ज घेऊन ठेवण्याला चौकशी म्हणत नाहीत.

जमादारांची अडचण मला दिसत होती. हाताखाली माणसं मोजकी, गावं ढीगभर, त्यात बंदोबस्त. पण काम जास्त म्हणून माझं नुकसान कमी कसं लिहायचं? हा प्रश्न केबलीपुरता नाही. अकोल्यात मे 2023 च्या दंगलीत एक अल्पवयीन मुलगा जबर जखमी झाला. त्याच्यावरच्या हल्ल्याचा गुन्हाच नोंदवला नाही, म्हणून सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांवर ताशेरे ओढले. तिथवर पोहोचायला त्या पोराला दोन वर्षांहून जास्त लागली.

मी कृषी केंद्रातून केबलीचं पक्कं बिल काढलं, कापलेल्या टोकांचे फोटो जोडले आणि पुन्हा ठाण्यात जाऊन बसलो. दुपारी गुन्हा नोंदवला गेला. चोर अजून सापडलेला नाही. उद्या कदाचित 'अ' समरी होईल, म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी मिळत नाही. तरी शिवारातल्या चार चोऱ्या कागदावर आल्या, तरच कुणी भंगारवाल्याच्या दारात जाऊन तांबं कुठून आलं ते विचारेल. आमच्याकडं बहुतेकांनी केबल गेल्यावर ठाण्याची पायरीच चढली नाही.

म्हणून शेतकरी भावांनो, केबल-मोटारीची बिलं जपून ठेवा. किंमत स्वतः सांगा, दुसऱ्याला धरू देऊ नका. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. ठाण्यात नाहीच घेतलं, तर तक्रार पोस्टानं पोलीस अधीक्षकांकडे पाठवा आणि तिथंही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जा.