मिरजेची कानस

मिरज हे नगर गानप्रेमी गृहस्थांस दोन कारणांनी परिचित असते. १९३७ साली दिवंगत झालेले खाँसाहेब अब्दुल करीम खाँ येथील मीरासाहेबांच्या दर्ग्यात विसावले आहेत, हे एक. आणि येथील तंतुवाद्ये, हे दुसरे. त्या वाद्यांच्या गल्लीत आम्ही एक दुपार घालविली; परंतु आमचे लक्ष वेधून घेतले ते कानशीने.

ह्या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे शस्त्रांस धार व झिलई देणारे. शस्त्रांची मागणी ओसरली तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, फरीदसाहेबांनी आपला हात वाद्यांकडे वळविला. २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन लाभले.

तंबोऱ्याच्या घोडीचा माथा सपाट भासतो. वस्तुतः त्यास अतिसूक्ष्म उतार असतो. कंप पावणारी तार त्या उतारास स्पर्श करीत राहते, आणि एका स्वरातून अनेक उपस्वर गुंजू लागतात. हीच जवारी, आणि ती साधते कानशीने.

कानशींच्या पायऱ्या दातांवरून ठरतात: रफ, बास्टर्ड, सेकंड कट, स्मूथ, डेड स्मूथ. स्विस पद्धतीत अंक असतात. अंक वाढेल तसतशी कानस बारीक. मात्र केवळ नावावर विसंबू नये, कारण बारा इंची स्मूथ ही सहा इंची स्मूथहून भरडच असते. कानस पुढे जाताना कापते, म्हणून मागे घेताना दाब काढावा. दातांत कीस अडकल्यास ओरखडे उठतात. तो ब्रशाने झाडावा. प्रत्येक बारीक कानशीचे काम एवढेच, की आधीच्या कानशीच्या खुणा पुसाव्या. एखादी पायरी गाळली, तर त्या पुसण्यासाठी फार घासावे लागते आणि उतारच बिघडतो.

घोडीवर आम्ही पाहिलेला क्रम असा: दोन-चार हात फिरवावे, तार चढवावी, ऐकावे, तार पुन्हा बाजूस सारावी. घासून गेलेला कण परत येत नाही. म्हणून कोठे थांबावे, हे कानानेच ठरवावे लागते.

पुष्कळ घरांत वडिलांचा तंबोरा 'आता बोलत नाही' म्हणून गवसणीत पडलेला असतो, आणि त्याची जागा विजेच्या पेटीने घेतलेली असते. वाचकहो, तारेच्या घर्षणाने घोडीवर बारीक चर पडतात व जवारी जाते. तंबोरा काही मेलेला नसतो. तो जाणत्या कारागिराकडे न्यावा. घरी पॉलिश कागद घेऊन मात्र बसू नये.