एक गेम संपवला, एक सोडला, एक सुटला

दिवाळीच्या सुट्टीत लेकीसोबत बसून एक व्हिडिओ गेम शेवटपर्यंत संपवला. चाळिशी ओलांडलेल्या माणसाने यावर पोस्ट लिहावी का, असं तुम्ही म्हणाल. पण गेल्या दोन-अडीच वर्षांत मी तीन गेमच्या नादात होतो. एक संपवला, एक सोडला आणि तिसरा माझ्याकडून सुटत नव्हता, तो सरकारने बंद केला. त्या तिसऱ्याबद्दल आजवर फक्त घरात बोललोय. आज इथे लिहितो. पोस्ट मोठी आहे, सांभाळून घ्या.

सुरुवात ट्रॉम्ब्यातूनच. शाळेत असताना चीता कॅम्पच्या गल्लीत व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. बाहेर पडदा, आत अंधार, तीन मशीन आणि प्रत्येक मशीनभोवती सात-आठ पोरं. एक रुपयाचं नाणं टाकायचं. आम्ही सगळे 'मुस्तफा' खेळायचो. त्या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', तो १९९३ साली जपानच्या कॅपकॉमने काढला, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. आमच्यासाठी तो मुस्तफाच, पिवळी टोपी आणि उडून लाथ मारणारा. मेलो की पडद्यावर उलटी गिनती सुरू व्हायची. ती संपायच्या आत दुसरं नाणं टाकलं तर खेळ पुढे चालू. दुसरं नाणं कोणाकडे असायचं? गिनती शून्यावर यायची, मागचा पोरगा ढकलायचा, "चल हट", आणि आपण घरी. आईने वाट्यातली बोई विकून दिलेला रुपया तिथेच संपायचा. तेव्हा राग यायचा. आता वाटतं, त्या मशीनचा एक गुण होता. खिसा रिकामा झाला की ते आपल्याला सोडून द्यायचं.

पुढे सायबर कॅफेत 'वाइस सिटी' आलं. त्यातलं ते खेळण्यातल्या हेलिकॉप्टरने बिल्डिंगमध्ये बॉम्ब ठेवायचं मिशन माझ्याकडून कधीच झालं नाही. माझ्या वयाच्या निम्म्या लोकांकडून झालं नसेल, कमेंटमध्ये कबूल करा. तो गेम अर्धाच राहिला आणि त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही. नोकरी लागली, लग्न झालं, विषय संपला.

मग २०२० चा लॉकडाऊन. घरात सहा माणसं, दोन खोल्या, आणि बाहेर पडायची सोय नाही. पबजी डाऊनलोड केलं. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने त्यावर बंदी घातली, इतर ११७ ॲपसोबत. २०२१ च्या जुलैत तेच बीजीएमआय नावाने परत आलं, २०२२ च्या जुलैत पुन्हा काढलं गेलं, आणि २०२३ च्या मेअखेर पुन्हा हजर. परत आलं तेव्हा वेळेची मर्यादा होती. अठराखालच्यांना दिवसाला तीन तास, मोठ्यांना सहा. सहा तास! नोकरी करणाऱ्या माणसाला सहा तास ही मर्यादा वाटत असेल तर त्याचं काहीतरी चुकलंय, हे मी तेव्हा हसत बोललो होतो.

तो गेम मी स्वतः सोडला. आमच्या चौघांच्या टीममधला एक दुबईला गेला, एकाला जुळी झाली, एकाचा फोन फुटला. अनोळखी पोरांबरोबर खेळायला लागलो तर ती आठवीतली निघायची आणि मला "अंकल, कव्हर दो" म्हणायची. एका रविवारी ॲप काढून टाकलं. कोणाला सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही.

आता तिसरा.

२०२४ च्या मे महिन्यात, आयपीएल चालू असताना, रमीच्या एका ॲपची जाहिरात दिसली. नाव लिहीत नाही, सगळी सारखीच होती. रमी मला येते. गणपतीच्या जागरणात आणि लग्नाच्या आदल्या रात्री कोळीवाड्यात रमी न खेळलेला पुरुष दाखवा. शिवाय माझ्याकडे एक मोठा युक्तिवाद होता. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलंय की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. हे वाक्य मी बायकोला दोनदा ऐकवलं. ते तेरा पत्ते हातात घेऊन समोरासमोर बसणाऱ्या माणसांबद्दल होतं. रात्री दीड वाजता चादरीखाली फोन धरून, समोर कोण आहे हे माहीत नसताना खेळणाऱ्याबद्दल नव्हतं. हे तिला सांगितलं नाही, आणि स्वतःलाही नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. पॉइंट रमीत प्रत्येक पॉइंटला पैसे ठरलेले असतात. पत्ते वाईट आले तर पहिल्याच चालीआधी डाव सोडता येतो, त्याला ड्रॉप म्हणतात. त्याचे २० पॉइंट जातात. मधेच सोडला तर ४०. शेवटपर्यंत बसून वाईट हरलात तर ८०. म्हणजे लवकर उठलं तर नुकसान कमी, हे खेळातच लिहून ठेवलेलं आहे. माझे बाबा पत्त्यांत वाकबगार होते, ते दहातले चार-पाच डाव सोडायचे. मी हातात पत्ते असताना सोडायचोही. पण ॲप काही सोडलं नाही. डाव संपला की तीन सेकंदांत पुढचा. तिथे उलटी गिनती होती ती पुढचा डाव सुरू व्हायची. आणि मागून "चल हट" म्हणून ढकलणारं कोणी नव्हतं.

पंधरा महिन्यांत गेलेला आकडा १,८६,००० रुपये. हा माझा अंदाज नाही. बँकेचं स्टेटमेंट काढून, पेन्सिलने खुणा करून बेरीज केलीय. त्यातले ६०,००० आईचे होते. घराचे पत्रे बदलायला तिने साठवून माझ्याकडे दिले होते. म्हावरं विकून साठवलेले, दहाच्या नोटांचेसुद्धा. मी म्हणायचो, या रविवारी माणूस बघतो, पुढच्या रविवारी बघतो. २०२५ चा पाऊस आला. जुलैत आईच्या खाटेशेजारी गळायला लागलं, आम्ही बादली ठेवली. रात्री त्या बादलीत टपटप पाणी पडत होतं आणि भिंतीपलीकडे मी पत्ते लावत होतो.

त्याच जुलैत विधिमंडळातला तो व्हिडिओ आला. तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाईलवर रमी खेळत असल्याचा आरोप झाला. त्यांनी तो नाकारला, आलेली जाहिरात बंद करत होतो असं सांगितलं. महिनाअखेर त्यांचं खातं बदललं आणि क्रीडा खातं मिळालं. नाक्यावर आम्ही किती हसलो! शेतकऱ्यांच्या नावाने शिव्या घातल्या, मीम पाठवले. सगळ्यात मोठ्याने मी हसलो. ॲप माझ्या खिशात चालू होतं आणि नोटिफिकेशन येत होतं, तुमची टेबलवर वाट बघत आहेत. त्या दिवसाची लाज मला अजून आहे. मंत्र्यांचं काय व्हायचं ते होईल, त्यांना जाब विचारायलाच हवा. पण जाब विचारणाऱ्या घोळक्यात आपल्यासारखे किती होते, हेही एकदा मोजायला हवं.

मग ऑगस्ट. २० तारखेला लोकसभेत ऑनलाइन गेमिंगचं विधेयक आलं आणि त्याच दिवशी मंजूर झालं. २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. सरकारने आकडा दिला की अंदाजे ४५ कोटी लोकांना याची झळ बसली आणि २०,००० कोटींहून जास्त रुपये गेले. कंपन्या कोर्टात गेल्या.

मला या कायद्याबद्दल सरकारचे आभार मानायचे आहेत, मनापासून. हिशेबही लिहून ठेवतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून या खेळांत टाकलेल्या पैशावर २८ टक्के जीएसटी होता. म्हणजे आईच्या पत्र्यांच्या पैशातला वाटा सरकारी तिजोरीतही जात होता. क्रिकेटच्या सामन्यात, टीव्हीवर, होर्डिंगवर जाहिराती उघड चालू होत्या आणि खाली बारीक अक्षरात सवय लागू शकते, असा इशारा. सगळ्यांना माहीत होतं.

आम्हा कोळ्यांना बंदी नवी नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. का, ते लहान पोरालाही कळतं, मासळीला वाढायला वेळ द्यायचा. आणि बंदी असताना चोरून कोण जातो, तेही सगळ्यांना माहीत असतं. बंदीने जाळं किनाऱ्यावर येतं. हाताची खाज जात नाही.

माझी गेली नव्हती. ॲप बंद झाल्यावर पहिले आठ दिवस मी चिडचिडा होतो, बायकोला वाटलं ऑफिसचं टेन्शन. सप्टेंबरअखेर एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला. नवी लिंक, परदेशातली साइट, पहिल्या भरण्यावर दुप्पट बोनस. मी ट्रॉम्बे जेट्टीवर बसलो होतो. ओहोटी होती, चिखलात निवट्या उड्या मारत होत्या. लिंकवर अंगठा ठेवून मी दहा मिनिटं तरी बसलो असेन. खरं सांगतो, कायदा आठवला नाही, लेकही आठवली नाही. आठवला बाबांचा आवाज, वाईट पत्ते आले की ते नुसतं "गेला" म्हणायचे आणि पालथे ठेवायचे. मी नंबर ब्लॉक केला आणि घरी जाऊन बायकोला स्टेटमेंट दाखवलं.

ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आईंना तुम्ही सांगायचं. मी नाही." आईला सांगितलं. ती सुकट निवडत होती. बराच वेळ निवडतच राहिली. मग म्हणाली, "पैसं गेलं त गेलं. पन मना आधी सांगलास कनाला नाय?" या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. पत्रे आता हप्त्यावर बदलतोय. पगाराचं खातं बायकोच्या हातात आहे, मला आठवड्याचे पैसे मिळतात. चाळिशीत पुन्हा रुपयाच्या नाण्यावर आलोय आणि बरं चाललंय.

आता त्या संपवलेल्या गेमबद्दल. लेक सहावीत आहे. तिने दिवाळीत विचारलं, "बाबा, तू गेम खेळायचास ना? मग मला एक दाखव." मी घाबरलो. मग शोधून 'राजी' घेतला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला, २०२० चा. सर्कशीतली एक मुलगी, तिचा भाऊ गोलू राक्षसांनी पळवलेला, आणि ती त्याला शोधत निघालेली. गोष्ट सावल्यांच्या बाहुल्यांसारख्या चित्रांतून पुढे जाते, दुर्गा आणि विष्णू मधेमधे बोलतात. राजस्थानातल्यासारखे किल्ले आहेत. पाच-सहा तासांचा खेळ, आम्ही चार संध्याकाळी खेळलो. उड्या लेक मारायची, मारामारी माझ्याकडे. शेवट जरा अचानक येतो. लेक म्हणाली, "एवढंच?" मी म्हटलं, एवढंच. नावं वर सरकायला लागली, आम्ही ती शेवटपर्यंत बघितली, आणि तिने कॉम्प्युटर बंद करून शेजारी खेळायला पळ काढला. मी तिथेच बसून राहिलो. एखादा खेळ आपल्याला "झालं, आता जा" म्हणतो, हे मी विसरूनच गेलो होतो.

म्हणून पोरांच्या हातातला फोन बघून नुसतं ओरडू नका. कोणता गेम आहे ते विचारा. त्याला शेवट आहे का? पैसे मागतो का? सोडायचा म्हटलं तर सोडता येतो का? आणि आपल्या भागात संध्याकाळी पोरांनी खेळायचं कुठे, हे मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारा. मैदान नसलं की पोरं फोनमध्येच खेळणार.

ज्यांच्या फोनवर ती नवी लिंक आली असेल, त्यांना एकच सांगणं. घरातल्या एका माणसाला आजच सांगा. घरी जमत नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेली-मानस नंबर आहे, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तेही नको असेल तर मला इनबॉक्स करा, नाहीतर संध्याकाळी जेट्टीवर भेटा. मी कोणाचं नाव कोणाला सांगणार नाही. माझं मी सांगून टाकलंय.