दाब उतरेना

18 ऑगस्ट 2025, सोमवार

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. दुपारी गॅरेजवर एका निवृत्त सरांची डिझेल एसयूव्ही आली. तक्रार अशी की घाटात, नाहीतर ओव्हरटेक करताना गाडी एकदम बसते, चेक लाईट लागतो. चावी बंद करून पुन्हा चालू केली की ठणठणीत. 27 ला गणपती, त्याआधी गुहागरला पोचायचंय. एका गॅरेजनं इंटरकूलरचे होज बदलले, दाबाचा सेन्सर बदलला, तरीही लाईट लागला तेव्हा ‘टर्बो गेला’ म्हणून साठ हजारांच्या वरचा आकडा सांगितला.

स्कॅनर लावला. पी 0234, म्हणजे मागितल्यापेक्षा दाब जास्त भरला. टर्बो खराब आहे असं हा कोड कुठंही म्हणत नाही. गेलेला टर्बो सहसा दाब कमी भरतो. आणि इंटरकूलरचा होज फाटला तर हवा बाहेर जाते, दाब पडतो. मग या कोडसाठी होज का बदलले, हे बदलणाऱ्यालाच ठाऊक.

इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली. सेन्सर 948 मिलिबार दाखवतो. हाताखालचा आयटीआयचा पोरगा दचकला. “इंजिन बंद आणि दाब कसला, काका?” म्हटलं, ही पुण्याची हवा. समुद्रसपाटीला 1013, इथं साडेपाचशे मीटरवर साधारण 950, महाबळेश्वरला गाडी नेलीस तर 860-870 दिसेल. स्कॅनर हवेचा दाब धरून आकडा सांगतो, काट्याचा गेज तो सोडून सांगतो. या हिशोबात गल्लत झाली की चांगला टर्बो वाईट ठरतो.

19 ऑगस्ट, मंगळवार

पाऊस जरा उघडला तसे कात्रजच्या जुन्या घाटात गेलो. मी चालवायला, पोरगा स्कॅनर मांडीवर घेऊन. जोडीला काट्याचा गेजही लावला होता. तिसरा गिअर, अठराशे आरपीएम, पाय पूर्ण खाली. मागणी 2150, प्रत्यक्षात 2200, 2350, 2580. मग गाडी बसली. काटा 1.6 बारवर जाऊन आला होता. त्यात हवेचे 950 मिळवले की स्कॅनरचाच आकडा येतो. म्हणजे सेन्सर खोटं बोलत नाही, दाब खरंच चढतोय.

संध्याकाळी आलेख मोठा करून बघितला. दाब मागणीच्या वर जाताच कंप्युटरनं टर्बोचा दाब सांभाळणाऱ्या सोलेनॉईडची ड्यूटी 70 वरून 25 टक्क्यांवर आणली. म्हणजे तो सोड म्हणतोय. दाब मात्र वर जातोच आहे. शेवटी त्यानं डिझेल तोडलं आणि गाडी लिंप मोडमध्ये घातली. बरोबर केलं. नाहीतर टर्बोचे फेरे आवाक्याबाहेर जातात, पिस्टनवर आणि हेड गॅस्केटवर ताण येतो.

20 ऑगस्ट, बुधवार

पोरगा सकाळी म्हणाला, गावाकडच्या जुन्या टेम्पोची टर्बोची बारीक नळी निसटली होती तेव्हाही दाब असाच चढायचा, इथंही नळीच असेल. प्रश्न चांगला होता. चहा होईपर्यंत खडूनं फरशीवर काढून दाखवलं.

त्या टेम्पोला वेस्टगेट. टर्बोचाच दाब नळीतून ॲक्च्युएटरला जातो आणि जास्त झाला की झडप उघडून सायलेन्सरकडचा धूर टर्बाइनला वळसा घालून जातो. नळी निसटली की झडपेला कळतच नाही, दाब चढत राहतो. या गाडीत झडप नाही. टर्बाइनभोवती हलणारी पाती आहेत. बागेतल्या पाइपचं तोंड बोटानं दाबलं की पाणी जसं जोरात जातं, तशी पाती मिटली की धूर जोरानं टर्बाइनवर बसतो आणि कमी आरपीएमलाही दाब तयार होतो. पाती मिटवायचं काम व्हॅक्यूम करतो. व्हॅक्यूम गेला की स्प्रिंग ती उघडते. म्हणून इथं नळी निसटली तर दाब चढणार नाही, उलट पिकअपच जाईल. निसटलेली नळी तीच, पण दोन गाड्यांत तक्रार अगदी उलट. ही उलटापालट डोक्यात नसली की माणूस पार्ट बदलत सुटतो.

आता संशय दोनच. व्हॅक्यूम सुटत नाही, किंवा तो सुटूनही पाती उघडत नाहीत. सोलेनॉईड आणि ॲक्च्युएटरच्या मध्ये टी टाकून व्हॅक्यूमचा गेज लावला. हुकूम काढला की काटा झटकन शून्यावर यायला हवा. तो रेंगाळत आला. सोलेनॉईडला तीन तोंडं असतात, एक पंपाकडे, एक टर्बोकडे, तिसरं मोकळ्या हवेला. त्या तिसऱ्यावर नखाएवढा फिल्टर असतो. काढून बघितला तर चिखलानं लिंपलेला. फिल्टर बदलल्यावर काटा टपकन खाली. पोरगा खूश, सरांना फोन लावतो म्हणाला. मी म्हटलं, घाट होऊ दे.

21 ऑगस्ट, गुरुवार

घाटात पुन्हा 2420. परवाच्यापेक्षा बरं, पण गाडी बसलीच.

बोगद्याच्या अलीकडे बाजूला घेऊन, इंजिन गरम असतानाच, हातपंप थेट ॲक्च्युएटरला लावला. गार असताना हाच रॉड व्हॅक्यूमच्या पाच इंचांना हलायला लागून अठराला टोकाला जायचा आणि तसाच परत यायचा. आत्ता वर गेला बिनतक्रार. पंप सोडला तर दोन-तृतीयांश खाली आला आणि थांबला. मोबाइलच्या उजेडात दोघांनी बघितलं, रॉड मध्येच उभा, गेजवर शून्य. पान्याच्या मुठीनं हलकेच टिचकी मारली तेव्हा खट् करून खाली बसला.

23 ऑगस्ट, शनिवार

टर्बो उतरवला. एक्झॉस्टचे बोल्ट गंजलेले, तेल मारून रात्रभर ठेवले म्हणून न तुटता निघाले. हाउसिंग वेगळं करण्याआधी दोन्ही बाजूंना पंचनं खूण केली. शाफ्टला आडवी हालचाल किंचित, ती असतेच, तिथं तेलाचा पापुद्रा राहतो. मागेपुढे काही नाही. आत मात्र पाती फिरवणाऱ्या रिंगेमागे काजळीचा कडक थर, नखानं निघेना.

सरांना विचारलं, गाडी फिरते कुठं? निवृत्तीनंतर भाजी, बँक, देऊळ. महिनोन् महिने इंजिन धड गरम झालेलं नाही, पाती ठरलेल्या टप्प्याच्या पलीकडे हललेली नाहीत. काजळी बसणारच.

केमिकलमध्ये भिजवून प्लॅस्टिकच्या ब्रशनं साफ केलं. पोरगा तारेचा ब्रश घेऊन आला होता, परत पाठवला. टर्बाइनच्या चाकाला हात लावू दिला नाही, त्याचं बॅलन्स बिघडलं तर मग खरंच नवा टर्बो लागेल. स्टॉपर स्क्रूही तसाच ठेवला. तो आत-बाहेर करून दाब ‘सेट’ करणारे लोक आहेत. त्यांनी केलेल्या गाड्या नंतर आमच्याकडे येतात.

25 ऑगस्ट, सोमवार

घाट. मागणी 2150, कमाल 2190. पाय उचलला की दोन्ही रेघा एकत्र खाली. दोनदा चढून बघितलं, दुसऱ्यांदा एसी लावून, मागच्या सीटवर सिमेंटची पोती ठेवून. गाडी बसली नाही.

सरांना सांगितलं, आठवड्यातून एकदा साताऱ्याच्या बाजूला तासभर नीट पळवा. डिझेलमध्ये टाकायची बाटली घेऊ का म्हणाले. नको म्हटलं.

बिलात फिल्टर, गॅस्केटं, तेल, मजुरी आणि तपासणी. सर तपासणीवर बोट ठेवून म्हणाले, “नुसतं बघायचे एवढे?” होज आणि सेन्सरला त्यांनी याच्या दुप्पट दिले होते, तेव्हा विचारलं नव्हतं. मी गेजचे फोटो आणि घाटातले तिन्ही आलेख दाखवले. त्यांनी मास्तरसारखे चष्मा वर करून सगळे तपासले, मध्येच थांबलेल्या रॉडचा फोटो आपल्या मोबाइलवर मागून घेतला. त्या आधीच्या गॅरेजवाल्याला दाखवणार म्हणे.

पैसे दिले. तीनशे रुपये सुटे नाहीत म्हणून राहिले. गणपतीनंतर देतो म्हणालेत.