खेळाच्या गाडीने ओढलेले ओझे

आमच्या अंगणात गोल्फची गाडी येऊन उभी राहिली, तेव्हा मामंजींनी तिच्याभोवती एक फेरी मारली, वाकून खाली पाहिले आणि विचारले, "हिला जू कुठं लावायचं?" आम्ही सगळे हसलो. ते हसले नाहीत. त्याच वर्षी, म्हणजे २०२२ च्या दिवाळीनंतर, आम्ही घरातली शेवटची बैलजोडी विकली होती.

विकण्याला कारण होते. ह्यांच्या कमरेतली गादी सरकली आणि डॉक्टरांनी ओझे उचलू नका म्हणून बजावले. ट्रॅक्टर आहे, पण तो फवारणीत गुंतलेला आणि मला तो चालवता येत नाही. आमची द्राक्षबाग दोन तुकड्यांत आहे. एक घराजवळ, दुसरा खाली ओढ्याकाठी. मधला रस्ता मुरुमाचा, आमचा आम्हीच केलेला, आणि त्यात एका ठिकाणी दहा फुटांत एक फूट असा चढ. खालचे द्राक्षांचे क्रेट वर शेडमध्ये आणायचे आणि वरच्या गोठ्यातले शेणखत खाली न्यायचे, हे वर्षभराचे काम. पुतण्याचे तालुक्याला मोटारी भरण्याचे दुकान आहे. एका मोठ्या हॉटेलाने पाहुण्यांना फिरवायची जुनी गाडी मोडीत काढली, ती त्याने आणली. "काकू, ही तुम्हीसुद्धा चालवाल," तो म्हणाला. मला सायकलसुद्धा येत नव्हती. पण हिला क्लच नाही, गिअर नाही. एक पट्टी दाबली की चालते, दुसरी दाबली की थांबते. दुसऱ्या दिवशी मी ती ओढ्यापर्यंत नेऊन आणली आणि येताना उगाचच शेजारच्या वाडीजवळून वळवली.

गाडी स्वस्त पडली, बॅटऱ्या महाग. आठ व्होल्टच्या सहा, मिळून ४८ व्होल्ट. एकेक जवळजवळ तीस किलोची, म्हणजे दोन माणसांहून अधिक वजन बैठकीखाली कायमचे बसलेले. मागची पिशव्या ठेवायची जागा काढून पुतण्याने तिथे लोखंडी पाटा बसवला आणि गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून रिक्षाची दोन चाके लावून छोटी ट्रॉली करवून घेतली. रिकामी ट्रॉली १२० किलो भरली. ही गाडी सरकारी रस्त्यावर न्यायची नाही, हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितले. तिला नंबर नाही. आपल्या बांधाच्या आतच तिचे राज्य.

फेब्रुवारीत तोडा सुरू झाला. वीस किलोचे दहा क्रेट ट्रॉलीत टाकले, गाडीने हूं की चूं केले नाही. पंधरा टाकले, तरी चढली. मग माणसाचा स्वभाव! तीस क्रेट भरले. गाडी चढली, पण गोगलगायीसारखी, आणि वर आल्यावर जळक्या रबराचा वास येऊ लागला. मोटारीच्या कव्हराला हात लावला तर चटका बसला. पुतण्याने मीटर लावून दाखवले, की सपाटीवर जेवढा करंट लागतो त्याच्या तिप्पट त्या चढावर लागतो. शिवाय मोटार गार करणारा पंखा तिच्याच दांड्यावर बसवलेला. गाडी हळू झाली की पंखाही हळू. म्हणजे मोटार सगळ्यात जास्त तापते तेव्हाच तिला वारा सगळ्यात कमी. जोर दाबून धरायचा आणि ती रखडत चढवायची, हाच तिला मारायचा मार्ग. तेव्हापासून पंधरा क्रेटच्या दोन खेपा. वेळ फारसा जात नाही, कारण तीस क्रेट भरल्यावर वर पोचून दहा मिनिटे मोटार निववत बसावेच लागे.

बॅटऱ्यांचे म्हणाल तर ते एक जनावरच आहे, चारापाणी वेळेवर हवे. रोज संध्याकाळी चार्जरला लावायची, चार पैसे वाचवायला अर्धवट सोडायची नाही. गाडी थोडी विसावल्यावर मीटरचा काटा ४८ च्या जरासा वर दिसला, की निम्मी ताकद संपली असे समजायचे आणि घरी वळायचे. त्याखाली रोज रोज नेली तर बॅटरीचे आयुष्य घटते. पाणी घालायचे ते बॅटरीचेच, विहिरीचे नाही, आणि चार्जिंग पुरे झाल्यावर. आधी घातले तर ते वर येऊन सांडते. आतल्या पट्ट्या उघड्या पडल्या असतील तरच आधी त्या बुडतील एवढेच घालावे. चार्ज होताना त्यातून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून ती खोली आम्ही उघडी ठेवतो आणि तिथे विडीकाडीला बंदी. हे सगळे शिकताना माझ्या दोन सुती पातळांना आम्लाची भोके पडली. आता जुना ॲप्रन बांधते. टोकांवर हिरवी-पांढरी बुरशी धरली, की खाण्याचा सोडा पाण्यात कालवून धुते.

इथपर्यंत सगळे कौतुकाचेच होते. आता जे सांगायचे आहे ते सांगायला मला जड जाते.

२०२३ च्या सप्टेंबरात, गोडी छाटणीच्या आधी, खालच्या बागेत खत टाकायचे होते. आदल्या रात्री पाऊस शिंपडून गेला होता. मजुरांनी ट्रॉली भरली. ओले खत दिसते थोडे, भरते फार. खाली उतरवायला सोपे जावे म्हणून त्यांनी सगळा ढीग मागच्या फाळक्याला लागून केला. मी घाईत होते. मामंजी येऊन शेजारी बसले. वय चौऱ्याहत्तर, पण बागेत गेल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. बसता बसता त्यांनी मागे वळून पाहिले आणि म्हणाले, "सूनबाई, गाडी उलाळ झाली का गं?"

मी म्हटले, "मामंजी, ही काय बैलगाडी आहे का?"

उताराला लागल्यावर मी ब्रेक दाबला. चाके थांबली, गाडी थांबली नाही. मुरुमावरून ती तशीच घसरत चालली आणि मागून ट्रॉलीने आम्हाला ढकलत आडवे केले. गाडी बांधाला जाऊन धडकली. मला काही झाले नाही. मामंजी बाहेर फेकले गेले, हातावर पडले. मनगट मोडले.

सहा आठवडे प्लास्टर. गावात दोन दिवसांत बोलबाला झाला, की अमक्याच्या सुनेने सासऱ्याला गाडीवरून पाडले. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, आणि ते मला बोलण्याहून जास्त लागले. मी त्यांना रोज भरवत होते, वेणीफणीसुद्धा आटोपत नव्हती, पण त्यांच्या डोळ्याला डोळा देता येत नव्हता. हे म्हणाले, "विकून टाकू ते खेळणं." मीही हो म्हटले.

मामंजींनीच अडवले. डावा हात गळ्यात बांधलेला, तशा स्थितीत पुतण्याला बोलावून ते ट्रॉलीपाशी गेले. "दांडी उचल," म्हणाले. ट्रॉलीत मागे खत तसेच होते. पुतण्याने एका हाताने दांडी उचलली, ती कमरेवर आली. "बैलगाडी अशी उलाळ झाली की जू बैलाच्या मानेवरून वर उठतं, जोतं गळ्याला फास लावतं. हिच्या मानेवरून काय उठलं असंल, ते तू सांग."

पुतण्या गप्प उभा राहिला, मग डोक्याला हात लावून म्हणाला, "आजोबा, ब्रेक उठले." या गाडीला ब्रेक आहेत ते फक्त मागच्या दोन चाकांना. ट्रॉलीचे वजन मागे पडले, तिने हुकाला वर उचलले आणि नेमकी तीच दोन चाके हलकी झाली. हलके चाक ओल्या मुरुमाला काय धरणार? त्यात ट्रॉली खतासह आठशे किलोच्या आसपास, म्हणजे गाडी आणि आम्ही दोघे मिळून होतो त्याहून जास्त. तसल्या उतारावर एवढे वजन जवळजवळ ऐंशी किलोच्या जोराने पाठीत ढकलते.

मग आमच्या ओसरीवर शाळाच भरली. पुतण्याने काटा आणून दांडीखाली ठेवला. मामंजी "ठीक" म्हणतील तसे पोती पुढे-मागे सरकवली. ते "ठीक" म्हणाले तेव्हा भरलेली ट्रॉली ४०० किलोची होती आणि दांडीवर ४० चा आकडा. पुन्हा वजन बदलून पाहिले, तरी तोच दहावा हिस्सा. साठ वर्षे बैलाच्या खांद्याचा अंदाज घेतलेला हात, त्याला काटा काय शिकवणार! फार पुढे भरूनही चालत नाही, हे त्यांनीच सांगितले. बैल दबतो, तसे या गाडीचे पाटे दबतात; ते दोन खेळाडू आणि त्यांच्या काठ्यांपुरतेच केलेले आहेत.

रिक्षाच्या चाकांना ड्रम होतेच. त्यांना तार जोडून पुतण्याने बैठकीजवळ एक दांडा बसवला. उताराच्या तोंडाशी तो आधी ओढायचा, मग पायाचा ब्रेक. उताराला ट्रॉलीसह ४०० किलोच्या वर नाही. मुरूम ओला असेल तर खत थांबते. आणि ट्रॉली जोडलेली असताना गाडीवर दुसरे कुणी बसत नाही. हा शेवटचा नियम मी केला.

मामंजींनी तो मानला, पण आपल्या पद्धतीने. गाडीवर बसत नाहीत, मागून चालत येतात. काखेत बाभळीची एक पाचर असते, जुन्या बैलगाडीच्या चाकाला लावायची, तीच. उताराच्या तोंडाशी मी थांबते. ते पुढे येतात, उजव्या हाताने दांडी जराशी उचलून पाहतात. डावे मनगट थंडीत अजून दुखते, त्याने उचलत नाहीत. मग बाजूला होऊन म्हणतात, "सूनबाई, जाऊ दे हळू." मी दांडा ओढते आणि ब्रेकवरचा पाय सैल करते.