सिद्धगडाखालचं वारं

पौष लागला की रात्री सिद्धगडावरून जे वारं खाली उतरतं, त्याची ओळख मुरबाडकडच्या नारिवलीपासून म्हशापर्यंत सगळ्यांना आहे. वाळलेल्या कारवीतून सळसळत येतं आणि घराच्या कुडातून सरळ अंथरुणात शिरतं. म्हशाच्या जत्रेत घोंगड्यांचे ढीग लागतात ते याच दिवसांत. २ जानेवारीला स्वातंत्र्यलढ्यातले हुतात्मे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना मानवंदना द्यायला माणसं गडाखालच्या रानात जमतात, तीही कानाला मफलर गुंडाळूनच. थंडीत कुणाचं तोंड वाकडं झालं की दोष याच वाऱ्यावर जातो. ‘तोंडावरून वारं गेलं’ म्हणतात, आणि वाऱ्यासारखंच ते आपोआप निघूनही जाईल म्हणून वाट बघत बसतात.

माझ्या आत्याला हे झालं तेव्हा ती चुलीपुढे होती. ओलसर लाकूड धुमसत होतं, तिनं फुंकणी तोंडाला लावली आणि फुंकर नळीत जाईचना. ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून हवा फस्सकन निसटत होती. चूळ भरली तर पाणी त्याच बाजूनं गळलं. धूर डोळ्यांत गेला तशी डावी पापणी मिटली, उजवी अर्ध्यावरच थांबली आणि बुबूळ वर सरकून खाली नुसतं पांढरं दिसत राहिलं. सून हातातलं ताट टाकून धावली, तर त्या ताटाचा आवाज आत्याच्या उजव्या कानात घण घातल्यासारखा वाजला. दुपारी भाताला चव लागेना. शेजारीण भगताचं नाव घेऊ लागली, कुणी गरम विटेचा शेक सांगितला. सुनेनं कुणाचंच ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच आत्याला मुरबाडला दवाखान्यात नेलं.

डॉक्टर आधी एवढंच म्हणाले, “मावशी, कपाळाला आठ्या घाला बघू.” डावीकडे आठ्या उमटल्या, उजवं कपाळ सपाट राहिलं. हात-पाय, बोलणं, चालणं सगळं तपासून झाल्यावर ते सुनेला म्हणाले, “मेंदूचा झटका दिसत नाही. चेहऱ्याची नस सुजली आहे.” कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो. म्हणून मेंदूच्या झटक्यात बहुधा गाल-ओठ लोंबतात, पण कपाळ हलतं. नसच चेपली तर कपाळापासून हनुवटीपर्यंत अर्धा चेहरा गप्प होतो.

ही सातवी मज्जानस. तिच्यात सुमारे १०,००० तंतू. मेंदूतून निघून ती कानामागच्या हाडात शिरते आणि हाडातल्या हाडात जवळजवळ तीन सेंटिमीटर वाकड्या वाटेनं जाते. सह्याद्रीतल्या नाळेनं कधी चढला असाल तर ही वाट लगेच समजेल: दोन्हीकडे कातळ, सरकायला जागा नाही. सर्वांत अरुंद ठिकाणी हाडातल्या या वाटेची रुंदी एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही. तिथं नस सुजली की हाड काही मागे हटत नाही, नसच चेपली जाते. वाटेतच ती जिभेच्या पुढच्या भागाला चव देते, अश्रू आणि लाळेचं काम सांभाळते, कानातल्या इवल्याशा स्नायूला मोठे आवाज आवरायला लावते. म्हणून आत्याचा भात बेचव झाला आणि ताट घणासारखं वाजलं. कानाखालून बाहेर पडल्यावर तिला पाच फाटे फुटतात. आपलं हसणं, रुसणं, फुंकर, शीळ, डोळा मिचकावणं, सगळं त्या फाट्यांवर चालतं.

या नसेचं काम जगापुढे मांडलं ते चार्ल्स बेल या स्कॉटिश शल्यवैद्यानं, १८२१ मध्ये. तो चांगला चित्रकारही होता आणि चेहऱ्यावर भाव कसे उमटतात यावर त्यानं आधीच पुस्तक लिहिलं होतं. चेहऱ्याकडे इतकं निरखून बघणाऱ्याचंच नाव या दुखण्याला मिळावं, हे मला फार योग्य वाटतं. या ‘बेल्स पाल्सी’चं नेमकं कारण अजून ठरलेलं नाही. नसेत दडून बसलेला विषाणू पुन्हा जागा होत असावा, असा दाट संशय आहे. वाऱ्यावरचा आरोप मात्र सिद्ध झालेला नाही.

चेहरा लुळा पडायला कधी मारही पुरतो. भाई कोतवाल क्रांतिकारकांचं ‘आझाद दस्ता’ हे पथक घेऊन या डोंगरांत फिरत होते, त्याच १९४२ साली चित्रीकरणात बसलेल्या एका जोरदार थपडेनं येवल्याच्या अभिनेत्री ललिता पवारांचा चेहरा लुळा पडला. उपचार तीन वर्षं चालले, डावा डोळा बारीकच राहिला. नायिकेच्या भूमिका सुटल्या. पण ‘अनाडी’तली मिसेस डिसा आणि ‘रामायणा’तली मंथरा त्यांनी त्याच चेहऱ्यानं उभी केली. त्यांच्यापुढे मी मनापासून हात जोडतो.

आत्याला प्रेडनिसोलोनच्या गोळ्या मिळाल्या. पहिल्या ७२ तासांत त्या सुरू झाल्या तर नस पूर्ण सावरण्याची शक्यता वाढते. मधुमेह असेल तर साखरेवर लक्ष ठेवून घ्यायच्या, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कधीच नाही. त्याहून मोठं काम डोळ्याचं. न मिटणारा डोळा कोरडा पडतो, बुबुळाला जखम होते, नजर जाऊ शकते. दिवसा थेंब, रात्री मलम आणि पापणी मिटवून वर चिकटपट्टी. चूल सुनेनं घेतली. ती रोज रात्री कंदिलाजवळ बसून सासूची पापणी बोटानं अलगद खाली ओढायची. तिसऱ्या आठवड्यात ओठाचा कोपरा थरथरला. चार महिन्यांनी आत्या पुन्हा फुंकणीनं जाळ करू लागली. आजही घास चावताना तिचा उजवा डोळा किंचित बारीक होतो. नव्यानं वाढलेले काही तंतू चुकीच्या स्नायूला जाऊन मिळतात, त्याची ही खूण. बहुतेकांचा चेहरा काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत सावरतो.

कानात किंवा कानाभोवती नागिणीसारखे फोड उठले असतील, कान वाहत असेल, किंवा अंगावर बधिर चट्टा असेल, तर तेही डॉक्टरांना दाखवा. अशा वेळी दुखणं वेगळं असतं आणि औषधही वेगळं. बधिर चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो; त्याचा उपचार सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. आणि तोंडाबरोबर हात किंवा पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर कपाळ हलतंय की नाही हे बघत बसू नका, १०८ ला फोन लावा. एरवीही घरी वाट बघायची नाही. लगेच, उशिरात उशिरा तीन दिवसांच्या आत दवाखाना गाठा, आणि पहिल्या रात्रीपासून डोळा झाका.