एका दिवसाची कॅसेट

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाकुणाचा आवाज सध्या फुटतोय? जाऊ द्या, हात वर करू नका. मीही केला नसता.

मी नववीत होतो तेव्हाची गोष्ट. साल १९९३. आम्ही कुळगावात राहायचो. कुळगाव म्हणजे बदलापूर स्टेशनच्या लगतचं गाव. आज तिथे जिकडेतिकडे उंच इमारती दिसतात. तेव्हा बैठी घरं होती, चाळी होत्या आणि थोडं पुढे गेलं की भाताची खाचरं लागायची. आमची चाळ रुळांपासून इतकी जवळ, की मालगाडी आली की फडताळातली भांडी किणकिणायची. पाहुणे दचकायचे. आम्हाला कळायचंसुद्धा नाही.

पाचवीपासून शाळेत मी 'गाणारा मुलगा' होतो. प्रार्थना सांगायला मी, पंधरा ऑगस्टला मी, स्नेहसंमेलनातलं पहिलं गाणंही मीच. काळी पाच पट्टीत अगदी सहज गायचो. त्याचं मला काही विशेष वाटत नसे. उंच माणसाला आपल्या उंचीचं कुठे काय वाटतं?

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर संमेलनाच्या तालमी सुरू झाल्या. मी नेहमीसारखा उभा राहिलो, सूर लावला, आणि वरच्या सुरावर जाताना घशातून काय निघालं म्हणता? कोंबड्याची बांग! पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. मागे मुलं फिदीफिदी हसली. बाईंनी पट्टी खाली आणून पाहिली, पण आवाज मध्येच घोगरा व्हायचा, मध्येच चिरकायचा. शेवटी बाई म्हणाल्या, "असं कर, तू समूहगीतात मागच्या रांगेत उभा राहा. नुसते ओठ हलव. आवाज काढू नकोस."

बाईंचं फारसं चुकलं असं आज मला वाटत नाही. कार्यक्रम आठवड्यावर आला होता आणि रंगमंचावर तीस मुलं उभी करायची होती. पण त्या रात्री मी जेवलो नाही. संमेलनात मागच्या रांगेत उभा राहून मी खरोखरच नुसते ओठ हलवले. आई-बाबा प्रेक्षकांत होते. घरी आल्यावर आई म्हणाली, "छान झालं हो गाणं." मग मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून मी गाणं सोडलं. अंघोळीला गेल्यावरसुद्धा गुणगुणत नव्हतो.

हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. आलं ते फक्त मामाच्या.

मामा आमच्याच चाळीत, वरच्या मजल्यावर राहायचा. रोज सकाळच्या लोकलने व्ही.टी.ला, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जायचा आणि फोर्टमधल्या ऑफिसात काम करायचा. त्याला इंग्रजी गाण्यांचा नाद. चाळीतले लोक म्हणायचे, "याच्याकडे काहीतरी ठणाणा चाललेला असतो." एका शनिवारी रात्री त्याने मला वर बोलावलं. टू-इन-वन समोर ठेवला होता. मित्राकडच्या लाँग प्ले रेकॉर्डवरून भरून आणलेली एक कॅसेट त्याने आत घातली, आणि वॉकमनचा हेडफोन माझ्या कानांवर चढवला.

"काय ऐकू येतंय सांग."

कुणीतरी इंग्रजीत एक ते चार मोजलं आणि एकदम धडाधड वाद्यं सुरू झाली. मी म्हटलं, "मामा, आरडाओरडा आहे नुसता."

"अरे, नीट ऐक. डाव्या कानात काय आहे? उजव्या कानात काय आहे?"

मी डोळे मिटले, आणि खरोखर गंमतच! डाव्या कानात गिटार आणि ड्रम, उजव्या कानात गाणारे. मधोमध काहीच नाही. उजवी बाजू काढली की गाणारे दूर कुठेतरी गेल्यासारखे वाटायचे. डावी काढली की वाद्यं लांब जायची.

मग मामाने मला 'बीटल्स' नावाच्या चार मुलांची गोष्ट सांगितली. इंग्लंडातल्या लिव्हरपूल या बंदराच्या गावातली ही मुलं. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार. १ जानेवारी १९६२ ला लंडनच्या डेक्का नावाच्या कंपनीत त्यांनी चाचणी दिली, पंधरा गाणी म्हटली, आणि कंपनीने त्यांना चक्क नापास केलं! (रिंगो तेव्हा त्यांच्यात नव्हता. तो त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आला.) पुढे जॉर्ज मार्टिन नावाच्या निर्मात्याने त्यांना संधी दिली. दोन छोट्या रेकॉर्ड निघाल्या. त्या खपल्या, तसं ठरलं, चौदा गाण्यांची मोठी रेकॉर्ड काढायची. चार गाणी आधीची तयार होती. राहिली दहा.

"ही दहा गाणी किती दिवसांत भरली असतील?" मामाने विचारलं.

"महिनाभरात?"

"एका दिवसात!"

११ फेब्रुवारी १९६३. लंडनच्या ॲबी रोडवरचा ईएमआय कंपनीचा स्टुडिओ. सकाळी दहाला सुरुवात झाली आणि रात्री पावणेअकराच्या सुमारास काम संपलं. दुपारी बाकीची मंडळी जेवायला गेली तेव्हा ही पोरं दूध पिऊन तालीम करत राहिली. यंत्र होतं फक्त दोन ट्रॅकचं. म्हणजे ध्वनिफितीवर आवाजासाठी दोनच रस्ते. एकावर वाद्यं, दुसऱ्यावर गाणारे. म्हणूनच माझ्या डाव्या कानात वाद्यं आणि उजव्या कानात गाणारे आले होते. आजच्यासारखं एकेक वाद्य वेगळं भरून, चुकलं तेवढंच पुसून दुरुस्त करायची सोय नव्हती. सगळ्यांनी एकत्र वाजवायचं, एकत्र गायचं. जॉर्ज मार्टिनने दोन-चार जोड दिले तेवढेच. सुरुवातीचे 'एक ते चार'सुद्धा दुसऱ्या एका प्रयत्नातून कापून तिथे चिकटवलेले आहेत. त्या दिवशी अकरावंही एक गाणं करून पाहिलं. ते काही जमलं नाही. बाजूला ठेवलं आणि पुढच्या रेकॉर्डसाठी पुन्हा नव्याने केलं.

"आता खरी गोष्ट ऐक," मामा म्हणाला. "त्या दिवशी जॉनला सर्दी झाली होती. घसा बसत चालला होता. दिवसभर गोळ्या चघळत, दूध पीत तो गायला. 'ट्विस्ट अँड शाउट' हे सगळ्यात घसाफोड गाणं. ते आधी म्हटलं असतं तर बाकीची गाणी बोंबलली असती. म्हणून ते मुद्दाम शेवटी ठेवलं. रात्री दहा वाजून गेल्यावर तो उभा राहिला आणि पहिल्याच प्रयत्नात गाणं झालं. दुसऱ्यांदा म्हणून पाहिलं, तर आवाजच उरला नव्हता. रेकॉर्डवर आहे तो पहिला प्रयत्न. ऐक."

मी ऐकलं. मित्रांनो, तो आवाज गोड नव्हता. खरखरीत, सोलवटलेला होता. अगदी माझ्यासारखा! आणि कुणी त्याला 'ओठ हलव' म्हटलं नव्हतं.

मी मामाकडे पाहिलं. मामा दुसरीकडे पाहत होता. मग मी सगळं सांगून टाकलं. कोंबड्याची बांग, मागची रांग, आईचं 'छान झालं हो', सगळं.

मामा हसला नाही. म्हणाला, "जॉनची सर्दी होती, ती बरी झाली. तुझं बरं व्हायचं काही नाहीच, कारण तुला झालेलंच काही नाही. मुलगे वयात येतात तेव्हा त्यांचा कंठ वाढतो. आतल्या स्वरतंतूंची लांबी आणि जाडी वाढते. सतारीची तार लांब आणि जाड असली की सूर खाली जातो ना, तसा आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. नव्या तारा हाताळायला गळ्याला काही महिने लागतात. तोवर असंच व्हायचं. मात्र तू जॉनसारखा घसा ताणू नकोस हं! त्याला एकच गाणं उरलं होतं. तुला जन्मभर गायचंय. खालच्या पट्टीत गा."

हे कोणी मला आधी का सांगितलं नव्हतं, कोण जाणे!

मग मामाच्या डोक्यात कल्पना आली. आपणही एका दिवसात कॅसेट भरायची. दहा गाणी. जानेवारी १९९४ मधला एक रविवार ठरला. शेजारच्या ताईची पेटी, माझा धाकटा भाऊ पत्र्याच्या डब्यावर, खालच्या मजल्यावरचा एक मित्र झांजा घेऊन, आणि गायला मी. मामा झाला जॉर्ज मार्टिन. टू-इन-वन खिडकीत ठेवला, कारण आतला मायक्रोफोन इवलासा. ताई म्हणाली, "काळी पाच?" मी म्हटलं, "नको गं ताई, काळी एक." असं सगळ्यांसमोर म्हणायला मला किती धीर करावा लागला, ते माझं मलाच ठाऊक.

सकाळी नऊला सुरुवात झाली. पहिल्या गाण्यात कुकरची शिट्टी. दुसऱ्यात मालगाडी. मामाने भिंतीवर लोकलचं वेळापत्रक टांगलं आणि दोन गाड्यांच्या मध्ये गाणी भरायला लागलो. मालगाडीला कुठलं वेळापत्रक? ती आली की सगळे हात तसेच वर धरून गप्प. दुपारी लाईट गेले. तेव्हा आईने सगळ्यांना दूध दिलं. मामा म्हणाला, "बघ, अगदी ॲबी रोड!" आरती झाली, दोन कोळीगीतं झाली, शाळेची प्रार्थना झाली. बीटल्सच्या त्या रेकॉर्डवर चौदांपैकी आठ गाणी त्यांची स्वतःची होती. आपलंही एक हवं, म्हणून भावाने उशिरा येणाऱ्या लोकलवर गाणं रचलं. त्यात यमक एकच होतं, पण ते दहा वेळा होतं.

संमेलनातलं ते गाणं मी शेवटी ठेवलं. संध्याकाळ झाली होती. मामाने बटण दाबलं आणि "एक, दोन, तीन, चार" मोजलं. मी गायलो. अंतऱ्यात एके ठिकाणी आवाज चिरकलाच. मी थांबणार होतो. मामाने हाताने खूण केली, 'पुढे चल.' मी पुढे गेलो. संपल्यावर म्हटलं, "पुन्हा घेऊ या?" मामाने कॅसेट बाहेर काढली आणि वरच्या कोपऱ्यावरची प्लॅस्टिकची चिमणी पट्टी तोडून टाकली. जुन्या माणसांना माहीत आहे, ती पट्टी तोडली की कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. दारात आई उभी होती. ती नुसतीच म्हणाली, "संमेलनात हा आवाज नव्हता रे." तिला तेव्हाही कळलं होतं!

पुढे एका सुट्टीच्या दिवशी मामा मला फोर्टात घेऊन गेला. फिरोजशहा मेहता रोडवर एका इमारतीसमोर थांबून म्हणाला, "इथे एचएमव्हीचा स्टुडिओ होता. रेकॉर्डवर कुत्रा असतो ना, ती कंपनी. बीटल्समधला सगळ्यात धाकटा जॉर्ज इथे आला होता." पहिली रेकॉर्ड भरली तेव्हा जॉर्ज अवघा एकोणीस वर्षांचा होता, आणि तिच्यावर त्याने रचलेलं एकही गाणं नव्हतं. त्याने रचलेलं पहिलं गाणं आलं १९६३ च्या नोव्हेंबरमधल्या दुसऱ्या रेकॉर्डवर. तेही त्याने आजारी पडून हॉटेलात अंथरुणावर असताना केलेलं! पुढे तो पंडित रविशंकरांकडे सतार शिकला, आणि जानेवारी १९६८ मध्ये एका चित्रपटाचं संगीत भरायला मुंबईला आला. त्यात आपले शिवकुमार शर्मा संतूरवर आणि हरिप्रसाद चौरसिया बासरीवर होते. यंत्र पुन्हा दोन ट्रॅकचंच, आणि रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज आत यायचा. आमच्या मालगाडीसारखाच! तेव्हाच 'द इनर लाइट' या गाण्याची वाद्यं इथे वाजली. लंडनला परतल्यावर ते गायला जॉर्ज कचरत होता. आपल्याला झेपेल की नाही, अशी त्याला शंका. जॉन आणि पॉलने त्याला धीर दिला.

"प्रत्येकाला कुणीतरी मामा लागतो," मी म्हटलं. मामाने मला कोपऱ्यावर उसाचा रस पाजला.

२६ जुलै २००५ ला उल्हास नदीला महापूर आला. मामा तोवर पश्चिमेला, नदीच्या बाजूला राहायला गेला होता. तळमजल्यावरच्या त्याच्या घरात पाणी शिरलं आणि कॅसेटींचा खोका चिखलात बुडाला. 'प्लीज प्लीज मी'ची कॅसेट गेली. मामाला त्याचं दुःख नव्हतं. "ती जगात कुठेही मिळेल," तो म्हणाला. आमची मात्र एकच प्रत होती. ती त्याने उघडली, फीत स्वच्छ पाण्यात धुतली आणि कपड्यांसारखी दोरीवर वाळत घातली. मग नव्या डबीत गुंडाळली. सात गाणी वाहून गेल्यासारखी झाली आहेत, नुसती खरखर. तीन वाचली. शेवटचं गाणं त्या तिनांत आहे. मामाचे एक-दोन-तीन-चार स्पष्ट ऐकू येतात. आणि तो चिरकलेला सूरसुद्धा, जिथल्या तिथे.

आता मीही रोज सकाळची लोकल पकडतो. आमच्या डब्यात भजन असतं. झांजा असतात, डब्याच्या पत्र्यावर ठेका असतो, आणि मी काळी एकमध्ये गातो. परवा एका काकांबरोबर त्यांचा आठवीतला मुलगा आला होता. सगळे गात होते, तो नुसते ओठ हलवत होता. मी सरकून त्याला शेजारी जागा करून दिली आणि त्याच्या कानात म्हटलं, "खालच्या पट्टीत म्हण. गाडीच्या आवाजात कुणाला कळत नाही."

अंबरनाथ येईस्तोवर तो गायला लागला होता.