ब्रेक के बाद : ताम्हिणी व्हाया नाना पेठ

शनिवारची सकाळ, श्रावणातला पाऊस आणि पुण्यातला निम्मा दुचाकीवाला वर्ग एकाच दिशेला निघालेला. कुठे, ते सांगायला नकोच! चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशी आणि मग आपला लाडका ताम्हिणी. मीही निघाले. बाबांची जुनी हंड्रेड सीसी, पाठीवर सॅक आणि डोक्यात फक्त गरमागरम भजी.

मुळशीच्या पाण्याकडे बघत थोडा वेळ थांबले. आज तिथे आपण फोटो काढतो, पण याच धरणात जमिनी जाणार म्हणून १९२१ साली इथले मावळे सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहाला उभे राहिले होते. एवढं आठवून घ्यायचं आणि पुढे निघायचं.

ताम्हिणी गाव मागे पडलं, विळ्याकडचा उतार सुरू झाला आणि मी माझी नेहमीची हुशारी केली. क्लच दाबून ठेवला. पेट्रोल वाचतं ना! धबधबे बघत, पाय ब्रेकवर ठेवून, मस्त तरंगत चालले होते. पाच-सहा वळणांनंतर जळकट वास आला. वाटलं, पुढच्या ट्रकचा असेल. मग समोरून एसटी आली, मी पाय दाबला आणि पाय खालीच गेला. गाडी होती तशीच पळतेय! पुढचा ब्रेक ओढला, तर लिव्हर जवळजवळ मुठीला टेकली. पोटात गोळा येणे म्हणजे काय, ते त्या क्षणी कळलं. क्लच सोडला, तिसरा टाकला, मग दुसरा. इंजिन गुरगुरलं, वेग मोडला आणि कशीबशी डोंगराच्या बाजूच्या गटाराकडेला गाडी उभी राहिली. एसटी हॉर्न वाजवत निघून गेली. मी पाच मिनिटं हेल्मेटसुद्धा काढलं नाही.

थोडं पुढे मक्याची टपरी होती. तिथवर पहिल्या गिअरमध्ये गेले आणि मागच्या चाकावर बाटली ओतणार, इतक्यात टपरीवाले काका ओरडले, “पाणी नका टाकू ताई! तापलेला ड्रम तडकतो. च्या घ्या, आपोआप थंड होतंय.” चहा झाला, मका झाला. ड्रम थंड झाल्यावर ब्रेक थोडेफार परत आले. भज्यांचा नाद सोडला आणि गाडी पुण्याकडे वळवली.

घरी आल्यावर खरा ड्रामा. बाबा दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून रिटायर झालेत. त्यांचं म्हणणं, “शू कशाला फेकायचे? लायनर बदलून घे. आम्ही आयुष्यभर तेच केलं.” ग्रुपमधल्या मित्रांचं म्हणणं, “गाडीच विक यार! नवीन घे.” मुद्दा अगदीच चूक नव्हता. १ एप्रिल २०१९पासून विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकींना १२५ सीसीच्या वर एबीएस, आणि त्याखाली निदान सीबीएस सक्तीचं झालं. आमची गाडी त्याच्या कितीतरी आधीची. पण पॅड आणि शू नव्या गाडीचेही झिजतातच की! आणि या गाडीवरून मी शाळेत गेलेय. अशी कशी विकायची?

शेवटी सोमवारी बाबांना मागे बसवलं, वीसच्या वेगाने गाडी हाकली आणि थेट नाना पेठ गाठली.

लक्ष्मी रोड म्हटलं की आपल्याला साड्या आठवतात. पण तोच रोड क्वार्टर गेटकडे गेला, की जगच बदलतं. नाना फडणवीसांच्या नावाची ही पेठ आज दुचाकीच्या स्पेअर पार्टची पंढरी आहे. दुकानांच्या छताला केबल लटकलेल्या, सीटकव्हरच्या थप्प्या, हेडलाइटच्या काचा, आणि हवेत ग्रीस आणि रबराचा मिळून एक वास. मॉलमध्ये तासन्तास फिरणाऱ्यांनी एकदा इथे फिरून बघावं. ‘ओरिजनल’ आणि ‘ओरिजनलसारखं’ यातला फरक इथे शिकायला मिळतो. नुसता डबा बघून भुलायचं नाही. बिल मागायचं. बिल द्यायला कोण का-कू करतो, ते बघितलं की निम्मी परीक्षा तिथेच होते.

गल्लीतल्या गॅरेजवाल्या चाचांनी आधी काहीच उघडलं नाही. मला ब्रेक पूर्ण दाबून धरायला सांगितला आणि ड्रमच्या प्लेटवरचा छोटा बाण दाखवला. “ही खूण बघा मॅडम. बाण इथवर आला की शू संपले. तुमचा बाण तर पुढे निघून गेलाय.” तो बाण इतकी वर्षं तिथेच होता आणि मी एकदाही बघितला नव्हता! सैल वाटलं की मागचा नट दोन फेरे आवळायचा, एवढंच मला माहीत. नट आवळल्याने पेडल वर येतं, पण झिजलेला लायनर परत येत नाही.

चाकं उतरली. आतली धूळ चाचांनी हवेने उडवली नाही, ओल्या फडक्याने पुसून घेतली. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात जाणं कॅन्सरला आमंत्रण. शू बघितले, तर लायनर काचेसारखे चकचकीत. सतत घासून, तापून वरचा थर गुळगुळीत झाला होता. शिवाय तापलेला ड्रम फुगून शूपासून लांब जातो. म्हणून घाटात माझा पाय खाली गेला.

“लायनर मारून द्या की,” बाबा म्हणाले.

चाचा हसले. “साहेब, तुमच्या बसचे शू केवढे! लायनरला रिव्हेट असतात, काढा-लावा. ह्याला लायनर चिकटवलेला असतो, कारखान्यात उष्णता आणि दाब देऊन. इथे हाताने चिकटवला आणि उतारावर सुटला, तर चाक जाम.”

बाबा चुकत नव्हते. त्यांचं शहाणपण वेगळ्या गाडीचं होतं, इतकंच.

मग चाचांनी व्हर्नियर काढला आणि मला न देता बाबांच्या हातात दिला. आमचा ड्रम मुळात १३० मिलिमीटरचा, आणि आतल्या कडेला मर्यादा कोरलेली : १३१. बाबांनी चष्मा वर केला. पुढचा ड्रम १३०.४ भरला. मागचा बराच वेळ मोजला, परत मोजला. “एकशे एकतीस पॉइंट तीन,” ते हळूच म्हणाले. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, “हब बदला. नुसते शू टाकून उपयोग नाही.”

निकाल लागला! पुढे फक्त नवे शू. मागे नवं हब, नवे शू, नवे स्पोक, रिम जुनीच. चाक परत विणून त्याचा आऊट काढायला दीड तास लागला. दोन्ही चाकांचे शू मिळून मल्टिप्लेक्सच्या एका संध्याकाळीपेक्षा स्वस्त पडले. खर्च झाला तो हबचा. शू वेळेवर बदलले असते, तर कदाचित तोही टळला असता.

तुमच्या गाडीला डिस्क असेल, तर फंडा आणखी सोपा. पॅड रिपेअर होत नाहीत, बदलायचेच. डिस्कची कमीत कमी जाडी तिच्यावरच कोरलेली असते. ऑइलही बदलत जा, ते हवेतलं पाणी शोषतं आणि लांब उतारावर ते पाणी उकळलं की लिव्हर स्पंजसारखी मऊ लागते.

नवे शू बसेपर्यंत पहिले तीनशे किलोमीटर शहरातच, शहाण्यासारखी चालवली. सप्टेंबरात परत ताम्हिणी. या वेळी बाबा मागे.

उतार सुरू होताच माझा हात सवयीने क्लचकडे गेला. मागून खांद्यावर टपली. “ज्या गिअरने घाट चढतो, त्याच गिअरने उतरायचा!”

दुसऱ्या गिअरमध्ये, अधूनमधून ब्रेक लावत-सोडत उतरलो. मक्याच्या टपरीशी अलगद थांबले. काकांनी आधी मागच्या चाकाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“बदलले?”

“बदलले.”

“मग दोन च्या,” काका म्हणाले. बाबांनी ऑर्डर वाढवली, “आणि एक प्लेट भजी मिळतील का?”